लोकप्रिय संगीत आणि राष्ट्रीय नभोवाणी

राष्ट्रीय नभोवाणी म्हटली की बातम्या, पिकांविषयीचा सल्ला, विद्वानांची भाषणे आणि शास्त्रीय संगीत यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. तरुणांना प्रिय असलेली चालू गाणी सकाळपासून रात्रीपर्यंत लावणारे, एकाच भाषेतून साऱ्या देशाशी बोलणारे आणि तरीही सार्वजनिक पैशावर चालणारे केंद्र असू शकते, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणत्याही जबाबदार संस्थेला पटण्यासारखी नव्हती. ब्रिटनमध्ये असे इंग्रजी केंद्र १९६७ साली निघाले. भारतात इंग्रजी गाण्यांचे असे केंद्र कधीच निघाले नाही. मात्र हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत अगदी तोच प्रश्न भारतापुढे दहा-पंधरा वर्षे आधीच येऊन ठेपला होता. दोन्ही देशांत राष्ट्रीय संस्थेने नाकारलेली गाणी समुद्रापलीकडून येऊ लागली आणि दोन्ही देशांत त्या संस्थेला अखेर आपला निर्णय बदलावा लागला. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, तर सार्वजनिक संस्थेने लोकांच्या आवडीशी कसे वागावे, या प्रश्नावर बराच प्रकाश पडतो.

सोसले येथून मोजलेली अंतरे

या विचाराचा आरंभ एका लहान गावापासून करणे सोयीचे आहे. म्हैसूर जिल्ह्यात कावेरी आणि कपिला यांच्या संगमाच्या परिसरात, नरसीपूर तालुक्यात सोसले हे गाव आहे. माध्व संप्रदायातील व्यासराज मठाच्या नावाशी हे गाव जोडलेले असल्यामुळे त्याचे नाव दूरवर परिचित आहे. संगमाजवळच्या तिरुमकूडलु गावी थोर व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांचा जन्म झाला. म्हैसूर नगरीचा नभोवाणीशीही जुना संबंध आहे. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राने धारण केले आणि पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने ते स्वीकारले.

नभोवाणीच्या दृष्टीने सोसले कोठे आहे, हे नकाशावर पाहावे. सरळ रेषेत मोजले तर सोसलेपासून दिल्ली सुमारे १,८०० किलोमीटर, मुंबई साडेआठशे किलोमीटरांहून अधिक आणि कोलंबो सुमारे पावणेसातशे किलोमीटर अंतरावर आहे. परदेशातील केंद्र मुंबईपेक्षाही जवळ, अशी ही स्थिती आहे. नभोवाणीच्या लहरी राज्याच्या सीमा जाणत नाहीत. त्यांना फक्त अंतर आणि आकाशाची अवस्था कळते.

लहरींचे स्वरूपही येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. मध्यम लहरी दिवसा भूपृष्ठालगत प्रवास करतात आणि काही अंतरानंतर क्षीण होतात. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून परावर्तित होऊन त्या दूरवर पोहोचतात. लघुलहरी याच थरावर आदळून शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे त्यांचा पल्ला फार मोठा असतो. परंतु आवाज लाटांसारखा वरखाली होतो आणि खरखरही ऐकू येते. एफ. एम. पद्धतीत आवाज स्वच्छ असतो, पण त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि साधारणपणे क्षितिजाच्या थोड्या पुढे गेल्यावर संपतात. तात्पर्य, एकाच केंद्राने साऱ्या उपखंडाला गाणी ऐकवायची, तर १९५०च्या सुमारास लघुलहरींखेरीज अन्य मार्ग नव्हता, आणि असा समर्थ लघुलहरी प्रक्षेपक कोलंबोजवळ होता.

सिलोनचा आवाज

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी सिलोनमध्ये ‘रेडिओ सीक’ हे केंद्र चालवले जात असे. घरापासून दूर असलेल्या सैनिकांना आपल्या भाषेतील गाणी, विनोद आणि बातम्या ऐकवणे हा त्याचा हेतू होता. युद्ध संपल्यानंतर ही यंत्रसामग्री, तिच्यातील १०० किलोवॅट शक्तीच्या लघुलहरी प्रक्षेपकासह, सिलोन सरकारच्या हाती आली. लहानशा बेटाच्या गरजेच्या मानाने हा प्रक्षेपक कितीतरी मोठा होता. त्याचे करायचे काय, या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे १९५० साली सुरू झालेली रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा. कोलंबो योजनेखाली आलेले ऑस्ट्रेलियातील क्लिफर्ड डॉड यांनी तिची घडी बसवली. जाहिरातदारांनी कार्यक्रमाची वेळ विकत घ्यावी आणि त्या वेळेत लोकांना आवडेल ते ऐकवावे, असे तिचे साधे सूत्र होते.

या सेवेच्या इंग्रजी विभागाला साऱ्या उपखंडात श्रोते होते. त्यावरून सादर होणाऱ्या ‘बिनाका हिट परेड’ या कार्यक्रमात पाश्चात्त्य गाणी लोकप्रियतेच्या क्रमाने लावली जात. हीच तऱ्हा हिंदी गाण्यांसाठी वापरून पाहावी, असा विचार पुढे आला आणि ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते एकोणीस वर्षांचे अमीन सयानी. मुंबईत ध्वनिमुद्रित केलेल्या फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून तोच आवाज लघुलहरींवरून भारतात परत येई. मुंबईत बोललेले शब्द मुंबईच्याच घराघरांत पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडून फेरी मारीत होते. सयानी यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांवर पत्रे आली. पुढे ती संख्या अनेक पटींनी वाढली. इंग्रजी गीतांसाठी घडलेला एक साचा अशा रीतीने भारतीय चित्रपटगीतांच्या अंगाला चपखल बसला. भाषा बदलली तरी यादीतील चढउतारांची उत्सुकता, निवेदकाची जवळीक आणि श्रोत्यांची पत्रे ही तीन अंगे तीच राहिली.

केसकरांचे धोरण

रेडिओ सिलोनच्या यशामागे जसा त्याचा प्रक्षेपक होता, तसाच दिल्लीत झालेला एक निर्णयही होता. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. केसकर मराठीभाषक, पॅरिस येथे उच्च शिक्षण घेतलेले आणि हिंदुस्थानी संगीताचे जाणते होते. चित्रपटगीतांत पाश्चात्त्य चालींचे अनुकरण वाढत आहे, शब्द उथळ होत आहेत आणि सरकारी नभोवाणीने या प्रवाहाला हातभार लावू नये, असे त्यांचे मत होते. त्यानुसार आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण घटवण्यात आले. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकटची जाहिरात ठरते म्हणून तेही बंद करण्यात आले. चित्रपट-निर्मात्यांशी वाद झाला, त्यांनी गीते लावण्याची अनुमती काढून घेतली आणि थोड्याच अवधीत हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

या धोरणाची थट्टा करणे आज सोपे आहे. परंतु न्याय करायचा तर त्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. संस्थाने विलीन झाल्यामुळे गायक-वादकांचा परंपरागत आश्रय संपला होता. अशा वेळी आकाशवाणी हीच त्यांची मोठी आश्रयदाती ठरली. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली आणि रेडिओ संगीत संमेलन १९५४ साली सुरू झाले. दरबारात आणि मोजक्या मैफलींत कोंडलेले गाणे परवाना-शुल्क भरून रेडिओ घेणाऱ्या कोणाही माणसाच्या घरी जाऊ लागले. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून सुगम संगीताला उत्तेजन देण्यात आले. पुणे केंद्रावरून १९५५ सालच्या रामनवमीपासून सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ त्याच वातावरणात आकाराला आले. छप्पन्न गीतांची ती माला वर्षभर घरोघर ऐकली गेली. नभोवाणीने मनावर घेतले तर ती स्वतःच अभिजात आणि लोकप्रिय अशा दोन्ही गुणांचे संगीत निर्माण करू शकते, याचा याहून ठसठशीत पुरावा मराठी श्रोत्यापुढे दुसरा नाही.

मग दोष कोठे होता? दोष शास्त्रीय संगीताला स्थान देण्यात नव्हता. इतर संगीताचे स्थान काढून घेण्यात होता. ‘गीतरामायण’ ऐकणारे घर आठवड्यातील दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी रेडिओचा काटा २५ किंवा ४१ मीटरांवर फिरवून ‘गीतमाला’ही ऐकत होते. त्या घरातील माणसांना या दोहोंत विरोध दिसत नव्हता. विरोध धोरणकर्त्यांना दिसत होता. शिवाय श्रेष्ठ आणि लोकप्रिय यांतील सीमारेषा काळाच्या ओघात सरकत असते. व्यासरायांचे शिष्य मानले गेलेले पुरंदरदास सामान्यांच्या कन्नड भाषेत गात होते. आज त्यांनाच कर्नाटक संगीताचे पितामह म्हणून गौरवले जाते. सोसले गावाच्या मठपरंपरेत ज्यांच्या स्मृतीला मान आहे, त्या हरिदासांची पदे आपल्या काळात लोकांची गाणीच होती. प्रत्येक चालू गाण्याला हे भाग्य लाभत नाही, हे खरे. पण कोणत्या गाण्याला लाभेल, हे कार्यालयातील टिपणावर आगाऊ ठरवता येत नाही.

उत्तर समुद्रातील जहाजे

ब्रिटनमधील घटनाक्रम वाचताना भारतीय वाचकाला वारंवार ओळखीच्या खुणा दिसतात. तेथे बी. बी. सी. ही एकच संस्था नभोवाणी चालवीत होती आणि तिच्या तीन सेवा होत्या. करमणुकीच्या सेवेवर गाणी असत. पण तरुणांना हवी असलेली नवी गाणी थोडी असत. याला अभिरुचीइतकेच एक व्यावहारिक कारणही होते. तबकड्या वाजवल्याने वादकांचा रोजगार बुडतो, या भीतीमुळे वादकांची संघटना आणि तबकड्यांच्या कंपन्या यांच्याशी झालेल्या करारांनी ध्वनिमुद्रिका लावण्याच्या तासांवर मर्यादा घातली होती. परिणामी एखादे गाजलेले गीत मूळ गायकाऐवजी बी. बी. सी.च्या वाद्यवृंदाकडून ऐकण्याची पाळी श्रोत्यांवर येई. मूळ गीताच्या ओढीने तरुण मंडळी संध्याकाळी रेडिओ लक्झेम्बर्गकडे वळत. तेथून इंग्रजी भाषेत येणारी व्यापारी सेवा १९३३ साली सुरू झाली होती. ब्रिटिश तरुणांचे ते जणू रेडिओ सिलोनच होते.

१९६४ सालच्या मार्चअखेरीस इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याबाहेर, त्या वेळच्या तीन मैलांच्या सागरी हद्दीपलीकडे नांगरलेल्या एका जहाजावरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ बोलू लागले. रोनन ओ’राहिली या आयरिश तरुणाची ही खटपट होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘रेडिओ लंडन’ दुसऱ्या जहाजावरून सुरू झाले. ही ‘चाचे’ केंद्रे परवाना घेत नसत आणि करारांच्या मर्यादा पाळत नसत. जाहिरातींवर चालत आणि दिवसभर गाणी लावीत. सरकारने १९६७ साली कायदा करून अशा जहाजांना माल, माणसे आणि जाहिराती पुरवणे हा गुन्हा ठरवला. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या मध्यास कायदा अमलात आला आणि बहुतेक जहाजे गप्प झाली.

परंतु केवळ तोंड बंद केल्याने मागणी संपत नाही, हे सरकारला उमगले होते. म्हणून ३० सप्टेंबर १९६७ रोजी सकाळी सात वाजता बी. बी. सी.ने ‘रेडिओ वन’ हे लोकप्रिय संगीताचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. पहिला आवाज होता टोनी ब्लॅकबर्न यांचा. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ते जहाजावरून बोलत होते. जॉन पील हेही तसेच जहाजावरून आलेले. ज्यांना कायद्याने हुसकले, त्यांतील कुशल माणसांनाच संस्थेने नोकरीवर घेतले, यात थोडा विनोद आहे आणि बरेच शहाणपण आहे.

दोन देशांची दोन उत्तरे

भारताने आपले उत्तर दहा वर्षे आधी दिले होते. कवी नरेंद्र शर्मा यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली ‘विविध भारती’ ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. त्या वेळी केसकरच मंत्री होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याच धोरणाला पर्याय उभा राहताना त्यांना पाहावे लागले. प्रारंभी मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून तिचे कार्यक्रम दिले जात. म्हणजे रेडिओ सिलोनचेच शस्त्र उचलून त्याच्याशी सामना करण्याचे ठरले.

मात्र एक भेद राहिला होता. रेडिओ सिलोन जाहिरातींवर पोसले जात होते. आकाशवाणीवर जाहिरातीला मज्जाव होता. भारतीय मालाची जाहिरात भारतीय श्रोत्यांसाठी परदेशी केंद्रावरून होत राहिली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विविध भारतीवर व्यापारी सेवा सुरू झाली. हा बदल प्रथम महाराष्ट्रातील शहरांत व्हावा, याला मुंबईचा व्यापार आणि जाहिरात-व्यवसाय हे उघड कारण होते.

दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. रेडिओ वन सप्टेंबरच्या अखेरच्या दिवशी निघाले. विविध भारतीवरील जाहिराती त्यानंतर सुमारे महिन्याने आल्या. ब्रिटनने लोकप्रिय गाणी घेतली, पण जाहिराती नाकारल्या. भारताने आधी गाणी घेतली आणि दहा वर्षांनी जाहिरातीही घेतल्या. यामुळे दोन्ही संस्थांचा पुढचा प्रवास वेगळा झाला. जाहिरात नसलेल्या केंद्राला अपरिचित गायकासाठी वेळ काढणे शक्य असते. जॉन पील यांनी २००४ साली निधन होईपर्यंत रेडिओ वनवरून असंख्य अनोळखी गायक-वादक श्रोत्यांपुढे आणले. याउलट जाहिरातीवर चालणारे केंद्र ठाऊक असलेल्या आवडीलाच चिकटून राहते, कारण ऐकणारा दूर गेला की जाहिरातदारही दूर जातो.

तथापि रेडिओ वनलाही मर्यादा होत्या. आरंभी पैसा आणि ध्वनिमुद्रिकांचे तास अपुरे असल्याने दिवसाचे बरेच कार्यक्रम त्याला रेडिओ टूबरोबर वाटून घ्यावे लागले. ॲनी नाइटिंगेल या पहिल्या स्त्री-निवेदकाला स्थान मिळायला १९७० साल उजाडले. आणि ज्या संस्थेने अभिरुचीच्या नावाखाली गाणी दूर ठेवू नयेत म्हणून हे केंद्र निर्माण झाले, त्याच केंद्राने १९७७ आणि १९८४ साली दोन अतिशय गाजलेली गीते लावण्याचे नाकारले. रखवालदार बदलला तरी दाराला कुलूप राहते, असा याचा अर्थ होतो.

भारतात इंग्रजी केंद्र का निघाले नाही

पाश्चात्त्य संगीताला भारतात श्रोता नव्हता, असे मुळीच नाही. म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार हे युरोपीय अभिजात संगीताचे मर्मज्ञ होते; रशियन संगीतकार मेट्नर यांच्या रचनांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या आश्रयाने लंडनमध्ये झाले. मुंबई, गोवा, बेंगळूर, कलकत्ता आणि ईशान्येकडील डोंगराळ प्रदेश येथे इंग्रजी गाण्यांचा श्रोतृवर्ग पिढ्यान्‌पिढ्या होता. आकाशवाणीने १९६९ साली दिल्लीहून सुरू केलेल्या ‘युववाणी’त आणि इतर केंद्रांवर या गाण्यांना काही वेळ दिला. पण स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र देण्याइतका हा वर्ग मोठा कधीच मानला गेला नाही.

पुढे परिस्थिती पालटली. १९९३ साली दिल्ली-मुंबईच्या एफ. एम. वाहिनीवरील काही वेळ खाजगी निर्मात्यांना देण्यात आला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. २००१ साली बेंगळूरमध्ये देशातील पहिले खाजगी एफ. एम. केंद्र निघाले आणि त्याच शहरात २००६ साली ‘रेडिओ इंडिगो’ हे मुख्यतः इंग्रजी गीतांचे केंद्र सुरू झाले. गोव्यातही त्याची शाखा निघाली. तरीही ‘राष्ट्रीय’ हे विशेषण यांपैकी कोणालाही लावता येत नाही. खाजगी परवाने शहरनिहाय दिले गेले आणि एफ. एम.चा पल्ला आखूड आहे. बेंगळूरपासून सोसले सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात त्या केंद्राचा आवाज सहसा विरून जातो. १९५०नंतरच्या दशकात जे गाव कोलंबोच्या हाकेच्या टप्प्यात होते, ते पन्नास वर्षांनी आपल्याच राज्याच्या राजधानीतील गाण्याच्या टप्प्याबाहेर राहिले. आवाज अधिक स्वच्छ झाला, पण त्याचे वर्तुळ लहान झाले. इंटरनेटने हे अंतर आता पुष्कळसे पुसले आहे. मात्र तेथे श्रोता एकेकटा ऐकतो. सारा देश एकाच घटकेला एकच गाणे ऐकत आहे, ही जाणीव त्यातून सहसा निर्माण होत नाही.

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की लोकांच्या आवडीला दार बंद केले तर ती खिडकी शोधते, आणि ती खिडकी पुष्कळदा परक्याच्या ताब्यात असते. दुसरी ही की लोकप्रिय संगीताला जागा देणे म्हणजे अभिजात संगीताला दूर करणे नव्हे. राष्ट्रीय संगीत-कार्यक्रम, ‘गीतरामायण’ आणि ‘विविध भारती’ एकाच दशकात, एकाच संस्थेत, एकाच मंत्र्याच्या कारकिर्दीत नांदू शकले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एखादे केंद्र राष्ट्रीय आहे की नाही, हे ते राजधानीत किती स्पष्ट ऐकू येते यावरून ठरत नाही. संगमावरच्या एखाद्या सोसलेसारख्या गावी त्याचा आवाज पोहोचतो का, आणि तेथील माणसाने पाठवलेले पत्र त्या केंद्रात उघडून वाचले जाते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते.